धुरपताबाईंचे दातवण

"मंग सर, त्या लोकांचं सोताचं काय ऱ्हायलं?" शिवगंगाने पहिल्या बाकावरून विचारले.

शेषेरावांनी फळ्यावरची यादी दाखवली. चीनने व्हिएतनामवर हजार वर्षे राज्य केले. लिपी, कागद, नांगर, सगळे त्या लोकांनी घेतले. "पण दात काळे रंगवायची रीत सोडली नाही. चिनी अंमलदारांना ती रानटी वाटायची."

"आमची आजी बी दातवण लावून काळेच करती. ती कुणासंगं लढली?"

वर्ग हसला. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि अर्धी पोरे घागरींकडे पळाली. शेषेराव खडू हातात धरून उभे राहिले. नऊ वर्षे अहमदपुरात हेच चालले होते. लातूर जिल्हा झाल्यापासून लातूर शहरात बदलीचे तीन अर्ज करून झाले होते. आज संध्याकाळी बदल्या करणारे शिक्षण खात्याचे साहेब, अमृतराव, घरी चहाला येणार होते.

घरी येताच त्यांनी पांढऱ्या मंजनाची डबी आईपुढे ठेवली. डबीवर खडूची बोटे उमटली.

"माय, जरा घास. सायेब येनार हाय."

"चूळ भराया पानी कुठंय?"

"माझ्या वाट्याचं घे." त्यांनी तांब्या भरून दिला.

"पन्नास वर्साचं काळं एका डबीनं जातंय व्हय? तुझा बाप कदी काई म्हनला न्हाई."

"बापाला लातूरला जायचं नव्हतं."

धुरपताबाईंनी भरलेला तांब्या तसाच खाली ठेवला. "मंग आत बसू का मी?"

नको म्हणायला हवे होते. "पदर धर तोंडावर," ते म्हणाले.

साहेब मोकळा माणूस निघाला. आज काय शिकवले, म्हणाले. शेषेरावांनी सांगितले.

"हजार वर्षं? मग त्यांचं स्वतःचं काय उरलं हो?"

उत्तर तोंडपाठ होते. "बरंच काही, साहेब."

साहेब धुरपताबाईंकडे वळले. "आजी, माहेर कुठलं तुमचं?"

पदराआडून काहीतरी आले. साहेबांना ऐकू गेले नाही. एरवी ही बाई हसली की गल्लीच्या टोकाला कळायचे.

"निलंग्याचं," शेषेरावांनीच सांगून टाकले.

बदलीचे बघतो म्हणून साहेब गेले. शेषेराव दारातून परतले.

"माय, काढ की आता पदर."

"ऱ्हाऊ दे. लातूरला सवय पायजे."

एका हाताने पदर तसाच धरून त्यांनी न वापरलेला तांब्या उचलला आणि पाणी सांडू न देता माठात परत ओतले.