बिनफुग्यांचं पान

मावशीची नजर गेल्यापासून भाची दर महिन्याला तिला दीपगृहवालीच्या कॉमिकचा नवा अंक वाचून दाखवायची. या अंकासाठी मावशीने दुकानदाराला फोन करकरून भंडावून सोडलं होतं. भाची मात्र ऑफिसातून दमून आलेली, खांद्यावरची पर्सही न काढता संवादांचे फुगे धडाधड वाचत सुटली होती.

"थांब. दोन पानं उलटल्याचा आवाज आला. मधलं गिळलंस ना?"

"अगं, त्यावर एकही फुगा नाही. कुणी बोलतच नाही, तर वाचू काय, कपाळ?"

"कुणी बोलत नाही तिथेच तर खरी गंमत असते, शहाणे! तेच वाच."

भाची तोंड वाकडं करत मागच्या पानावर आली. "दीपगृहवाली एकटीच खिडकीशी बसलीय. मांडीवर ती कानतुटकी मांजर. चहा पार निवून गेलाय. लांब समुद्रात एक होडी दिसतेय."

"येतेय की जातेय?"

होडी नखाएवढी होती. कळायला काही मार्ग नव्हता. भाचीने मान वर केली. मावशी श्वास रोखून बसली होती.

भाचीने पर्स उतरवून खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.

"येतेय," ती म्हणाली.