आंबराईतला शब्बाथ

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात मागं बसणाऱ्याच्या वाट्याला नुसते टाळ येतात, कथा पुढच्यांना मिळते. आज एका आंबराईची कथा सांगायची आहे, आणि तिथं रमलेल्या दूरगावच्या लेकरांची.

आखाडा बाळापूरच्या अलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या रूपसिंग-पारुबाईच्या आंबराईत दर मे महिन्यात ठाण्या-पनवेलची बेने इस्राएल लेकरं, म्हणजे आपली मराठी बोलणारी यहुदी लेकरं, मुक्कामाला यायची. आणायच्या शिलाबाई. सरकारी दवाखान्यातल्या नर्स; पारुबाईची बाळंतपणं त्यांच्याच हातची. लग्न केलं नाही, नोकरी संपल्यावरही हिंगोली सोडली नाही. "शहरात आमची मोजकी घरं, तीही पांगलेली. लेकरांनी चार रात्री एका जागी निजावं, आपली प्रार्थना एकमेकांच्या तोंडून ऐकावी," एवढंच त्यांचं म्हणणं. संध्याकाळी त्या कीर्तनाला उभ्या राहायच्या. नमन, आख्यान, सगळं रीतसर मराठीत. कथा मात्र मोशेची, दाविदाची, एलियाहू हनाबी म्हणजे एलिया संदेष्ट्याची. टाळ पारुबाईच्या हातात.

गेल्या हिवाळ्यात शिलाबाई गेल्या. मे आला तसा पारुबाईचा जीव टांगणीला लागला. अखेर शिलाबाईंचा भाचा रूबेन लेकरं घेऊन आला, पण गाडीतून उतरतानाच म्हणाला, "मावशी, पालक म्हणतात, आत्या नाही तर इतक्या लांब कशाला? लोणावळ्याजवळ सगळ्या सोयींची जागा मिळतेय. यंदाचं बघू, मग ठरवू."

म्हणजे यंदा काही चुकलं तर आंबराई कायमची सुनी. पारुबाईनं पदर खोचला.

शुक्रवारी दिवस मावळला की यहुद्यांचा शब्बाथ लागतो. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेस्तोवर विस्तव पेटवायचा नाही. पारुबाईनं ऐकलेलं होतं सगळं, पण इतकी वर्षं चूल शिलाबाईंची होती. तिनं लेकरांसोबत आलेल्या शिबिराच्या भांड्यांत उजेडीच वरण केलं, वांग्याची भाजी केली, झाकून ठेवली. भाकरी तेवढ्या मागं ठेवल्या. तांड्यात पाहुण्याला गार भाकरी वाढणं म्हणजे त्याला ऊठ म्हणण्यासारखं. तव्यावरची थेट पानात पडली पाहिजे.

दिवस मावळायच्या आत मुलींनी दिवे लावले, प्रार्थना झाली, ठाण्याहून आणलेला पाव प्रार्थनेपुरता घासघास वाटला गेला. पंगत बसली. पारुबाई काडी ओढणार, तोच रूबेननं हात आडवा केला.

"मावशी, नका. दिवस मावळला."

"तुमी कुठं पेटवून राहिले? मी पेटवते की."

"आमच्यासाठी दुसऱ्यानं पेटवलेलीही चालत नाही."

"मंग घरातल्या आणते. दुपारच्या हायेत."

"त्या तुमच्या तव्यावरच्या. आमची भांडी वेगळी असतात ना."

काडीपेटी हातात तशीच राहिली. लेकरं वाट बघत होती आणि परातीत नुसतं पीठ. रूपसिंग पुटपुटला, "जल्मभर टाळ कुटले, चुलीकडं काहून बघितलं न्हाई?"

"तुमी गप बसा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

लेकरांनी वरण वाटीनं प्यायलं, वांगी बोटांनी खाल्ली, वर आंबे चोखले. अबिगेल नावाची चिमुरडी म्हणाली, "याडी, रोज असंच जेवू या. हात धुवायला नको, चाटले की झालं." याडी म्हणजे आई, तांड्यातल्या पोरांचं ऐकून सगळी तिला तसंच म्हणायची. पंगत हसली. रूबेन हसला नाही.

शनिवारी पारुबाई लांबलांबच राहिली. तिन्हीसांजेला चांदण्या उमटल्या, शब्बाथ उतरला, तसा तिनं शिबिराचा तवा चुलीवर चढवला. पहिल्या भाकरीच्या वासानं लेकरं चुलीभोवती गोळा झाली.

"रूबेनकाका, आज कीर्तन आहे ना?" अबिगेलनं विचारलं.

रूबेननं बाजाची पेटी ओढून घेतली. "सूर येतात गं मला. आख्यान आत्याबरोबर गेलं."

पारुबाईनं भाकरी उलटली. दुसरी थापता थापता तिच्या तोंडून शिलाबाईंची चाल निघाली. सारफथ गावची विधवा. घरात मूठभर पीठ, बुधलीत थेंबभर तेल. तेवढं लेकराला करून घालायचं आणि मरणाची वाट बघायची, असं ठरवून बसलेली. दारात उपाशी एलियाहू. "बाय, आधी मला भाकर कर." तिनं केली. मग पीठ सरेना, तेल आटेना. मधेच मराठीत तांड्याची गोरबोली शिरली, एक कडवं गळालं. ते लेकरांनीच उचललं, कारण दर उन्हाळ्याला ऐकून त्यांच्याही ओठी बसलं होतं. पेटी मागून धावत आली. रूबेनला बोटं जुळवून घ्यावी लागली.

आख्यान संपलं, त्याच्या पानात भाकरी पडली. पहिला घास खाऊन तो म्हणाला, "मावशी, लोणावळ्याचं राहू द्या. पण पुढच्या वर्षी शुक्रवारच्या भाकरी दुपारीच करायच्या."

"गार खासाल?"

"खाऊ."

"मंग ठाण्याला जाऊन माह्या नावानं बोंबलू नका," पारुबाई म्हणाली, आणि त्या मुक्कामात पहिल्यांदा हसली.

एवढीच कथा. कधी मे महिन्यात त्या वाटेनं गेलात आणि झाडांआडून लेकरांचा गलका कानी आला, तर घटकाभर थांबून शिलाबाईंची आठवण काढा. त्यांना पोटचं कुणी नव्हतं. नाव घ्यायला आता तुम्ही-आम्हीच आहोत.