बंद तळ्यातली मरळ

"लाजू नकोस रीता. मनात येईल ते बोल. हा कोणाला काही सांगत नाही."

हेमलता मॅडमचं ते बोलणं रीतानं देवाचा शब्द असावा तसं धरलं होतं. आरमोरीजवळच्या त्यांच्या शाळेत एक संस्था टॅब घेऊन आली होती. त्यातला चॅटबॉट इंग्रजीत प्रश्न विचारायचा, चुकलं तर हसायचा नाही, पुन्हा समजावून विचारायचा. वर्गात तोंड न उघडणारी रीता व्हरांड्याच्या कोपऱ्यात त्याच्याशी मात्र भडाभडा बोलायची. काय रांधलं, कोण रागावलं, सगळं.

एकदा त्यानं विचारलं, तुला अभिमान कोणाचा वाटतो? रीतानं आईचं नाव घेतलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की शेजारची बुधरीवहिनी बाळंत झाली, तिला दूध नव्हतं. आईनं तळ्यातून मरळ मासळी धरून आणली, दूध उतरावं म्हणून रस्सा करून पाजला. तळं बंद होतं, तरी आणली. माझी आई धीराची आहे.

तळं बंद म्हणजे काय, हे चॅटबॉटला ठाऊक नव्हतं आणि मॅडमलाही. मासे अंडी घालतात त्या दिवसांत मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घराघरातलं माणूस तळ्याच्या बांधावरच्या, पाळीवरच्या देवीपुढं पाण्यात हात बुडवून शपथ घेतं, की तळं उघडेपर्यंत एक मासा काढणार नाही. शपथ मोडली तर त्या घराचं जाळं त्या वर्षी पाण्यात पडत नाही. यंदा तर देवीच्या नावाचं पहिलं जाळं टाकायचा मान रीताच्या आईचा, चंदाबाईचा होता. गावात रीता हे मेली तरी बोलली नसती. पण हे इंग्रजीत होतं, आणि ऐकणारं माणूस नव्हतं.

शाळेत त्या संस्थेचे पाहुणे आले त्या दिवशी मंडपात अख्खं गाव जमलं. मॅडमनी रीताचं बोलणं साठवलेला टॅब माइकला लावला. "आता ऐका आपली रीता!" भोंग्यातून रीताचाच आवाज आला आणि एकेका वाक्यामागून मॅडम कौतुकानं त्याचं मराठी सांगत गेल्या. रीता उठून उभी राहिली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून गावातला लच्छू म्हणाला, "चंदाबाईनं मरळीले विंग्रजीत हाक मारली असन गा!" दोघं-तिघं हसले, बाकीचे चंदाबाईकडं बघू लागले.

ढिवर समाजाचे म्होरके बापूजी उठले. "बाई, पोरगी खरं बोलून राह्यली का?"

चंदाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "खरं हाये, भाऊ."

"मंग यंदा तुमचं जाळं नाई."

मंडप रिकामा झाल्यावर रीतानं मॅडमना गाठलं. "तुमीच म्हनलं होतं ना, तो कोनाले सांगत नाई?"

"त्यानं कुठं सांगितलं? मी लावलं," मॅडम हसल्या. "अगं, सगळ्यांत छान तूच बोललीस. इतकं छान लपवून ठेवायचं असतं का?"

त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. त्यानंच रीताला जास्त लागलं.

घरी आईनं दिवा लावला, हात जोडले. रीता म्हणाली, "मले मॅडमनं फसवलं, माय."

"मॅडमले आपलं काय ठाऊक? तुले तं ठाऊक होतं." मग भिंतीकडं बघत, "जाळं गेलं तं गेलं. पन बुधरीले मी शब्द देल्ला होता, लेकराचं पोट भरतवरी रस्सा पाजीन म्हनून. आता मासाच नाई, कोन्या तोंडानं जाऊ?"

"मी पाजतो," रीता म्हणाली.

सकाळी शाळेच्या वेळेला रीतानं दप्तर खुंटीवरच ठेवलं आणि बांबूची टोपली काखेत घेतली. धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, पाणी साचलं होतं, त्यात बारके मासे चढतात. त्या पाण्याची शपथ कोणी घेतलेली नव्हती. बुधरीवहिनीच्या दारातून आत डोकावून ती हळूच म्हणाली, "चूल पेटवून ठेव वहिनी, येतोच मी." आणि चिखलातून बांधीकडं चालू लागली.