मायमाच्या स्वेटरची पाठ

मला पाहून नवखी माणसे आधी हसतात. त्यांना वाटते, हा विजार सावरायचा पट्टा असावा आणि त्याला कुणीतरी चुकून उशी शिवली असावी. मित्रांनो, मी जुना पट्टा आहे हे खरे, माझी पंचाहत्तरीही उलटली आहे, पण विजारीशी माझा काडीचाही संबंध नाही. मी विणकामाचा पट्टा आहे. माझ्या उजव्या अंगाला तळहाताएवढी चामड्याची गादी आहे. तिच्यात एका पांढऱ्या घोडीच्या शेपटीचे केस ठासून भरले आहेत आणि वर एकोणीस भोके पाडली आहेत. विणणारी बाई मला कमरेला बांधते आणि उजव्या सुईचे मागचे टोक माझ्या एखाद्या भोकात रोवते. मग ती सुई तिला धरावी लागत नाही. उजवा हात धागा फिरवायला मोकळा राहतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या आमच्या शेटलंडात, येल बेटावर, बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चढ चढता चढता विणत, त्या आमच्यासारख्यांच्या जिवावर.

लर्विक गावातल्या एका खोगीर शिवणाऱ्याने मला घडवले. घडवताना तो सारखा शिंकत होता, एवढेच मला त्याच्याविषयी आठवते. तिथून मी मायमा इन्क्स्टर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या कमरेला आलो. तिने माझ्या दुसऱ्या ओळीतले तिसरे भोक धरले ते कायमचे. आज त्या भोकात करंगळीचे टोक जाईल.

मायमाचा हात देवाने सवडीने केला असावा. गाईला चारा घालताना, चर्चच्या वाटेवर, शेजारणीशी भांडताना सुद्धा तिच्या सुया थांबत नसत. भांडणाच्या दिवशी टाके मात्र घट्ट येत. ते मला आधी कळायचे, कारण सुई माझ्या पोटात जरा जास्तच रुतायची. कुठल्या स्वेटरच्या कुठल्या पट्ट्यात मायमा रागावलेली होती, हे मी आजही सांगू शकेन.

आता तिची एक गोष्ट सांगतो. ती कित्येक वर्षे फक्त तिने आणि मी सांभाळली.

आमच्याकडे समोरून उघडणारा स्वेटरही आधी नळीसारखा बंदच विणतात. गोल गोल विणले की नक्षी सतत डोळ्यांसमोर राहते. समोर मध्यभागी चार टाके जास्तीचे घेतात आणि सगळे विणून झाले की त्या टाक्यांमधून कात्रीने सरळ खाली कापत येतात. चार महिन्यांच्या कामावर कात्री चालवायची. बाहेरचा माणूस डोळे मिटून घेतो. आमच्या बायकांनाही मिटावेसे वाटतात, पण त्या तसे दाखवत नाहीत. कापताना खालची पाठ कात्रीत येऊ नये म्हणून आत एखादा पाट सरकवतात. एकोणीस वर्षांच्या मायमाने तो सरकवला नाही. आई म्हणाली, “पाट घाल गं.” मायमा म्हणाली, “पाट नवशिक्यांना लागतो.” आणि खसकन कापले. पोट कापले, आणि त्याखाली पाठही कापली गेली.

तेवढे सांगून आई बाहेर गेली होती म्हणून बरे. मायमाने तो स्वेटर गोठ्यात नेला, गाईच्या पाठीवर डोके टेकवून रडली आणि मग तीन दिवस तिथेच बसून एकेक टाका पुन्हा जुळवला. मी तिच्या कमरेलाच होतो. त्याच स्वेटरला त्या वर्षीच्या विणकामाच्या मेळाव्यात पहिला मान मिळाला. परीक्षकबाईंनी नेमकी पाठीवर थाप मारली.  मायमा तेव्हा खरे बोलली नाही ते पुढेही कधी बोलली नाही, आणि जसजशी वर्षे गेली तसतशी ती दुसऱ्यांच्या विणकामाबाबत फार कडक होत गेली. मुली तिच्याकडे काम दाखवायला आणत. ती त्यावरून बोटे फिरवायची, एका जागी बोट थांबायचे आणि ती म्हणायची, “उसव.” दुसरा शब्द नाही.

पुढे तिच्या बोटांची पेरे सुजली, मग नजर गेली. ती लर्विकच्या वृद्धाश्रमात राहायला गेली आणि मी एका खणात, टेबलक्लॉथच्या खाली, बंद पडलेल्या टॉर्चशेजारी पडलो. मित्रांनो, सात वर्षे. माझे चामडे वाळले. कडेला एक तडा गेला. टॉर्चशी बोलण्यासारखे फारसे नव्हते.

मला बाहेर काढले ते मायमाच्या भाचीने, ऑस्लाने. ऑस्ला शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. साठी आली, गुडघे कुरकुरू लागले आणि तिने विणकाम मनावर घेतले. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. तिने मला तेल लावून मऊ केले, कमरेला बांधले आणि शेवटच्या ओळीतल्या एका कोपऱ्यातल्या भोकात सुई घातली. तिथे आजवर कुणी सुई घातली नव्हती. मला गुदगुल्या झाल्या.

हौसेचे विणकाम म्हणजे काय, ते मला या बाईने शिकवले. एकशे त्र्याण्णव, एकशे चौऱ्याण्णव असे ती पुटपुटत असायची आणि तिचा नवरा एर्ची दारातून विचारायचा, “अगं, आज शनिवार ना?” की गेले सगळे टाके वाऱ्यावर.

“तू मुद्दाम करतोस,” ऑस्ला म्हणायची.

“मी वार विचारला, तुझी इस्टेट नाही मागितली.”

मग पुन्हा एकपासून. “एवढी एक ओळ संपवते आणि उठते,” असे ती रोज म्हणायची, आणि घरात रोज करपलेल्या बटाट्यांचा वास यायचा. एर्चीच्या पहिल्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटे लांब झाली. तोच स्वेटर घालून तो बिनदिक्कत फेरीबोटीवर जायचा आणि विचारणाऱ्याला सांगायचा, “हा हात दूरच्या वस्तूंसाठी आहे.” पाय दोन असतात हे माहीत असूनही तिने मोजे एकेकच विणले, कारण पहिला झाला की दुसऱ्याचा कंटाळा यायचा. शेवटच्या वीस ओळी राहिल्या असताना निळी लोकर संपायची आणि नवीन लड त्याच निळ्याची असूनही उन्हात वेगळी दिसायची. मांजराचे तर मी नावच काढत नाही.

पण मित्रांनो, आनंदही तेवढाच मोठा. नक्षीच्या पहिल्या चार ओळी नुसता गोंधळ दिसतात आणि पाचव्या ओळीला एकदम चांदणी उमटते. त्या वेळी ऑस्ला काम लांब धरून पाहायची, आणि तिच्या कमरेला असलेल्या मला तिचा लांब श्वास जाणवायचा. हात चालू लागला, मोजावे लागेनासे झाले, खिडकीवर वारा आपटत राहिला की ती हलकेच गुणगुणायची. असे सुख मायमालाही मिळत असेल, पण तिला घाई असायची. ऑस्लाला घाई नव्हती.

तिला एकच ओढ होती. दर गुरुवारी ती बोटीने आणि मग बसने मायमाला भेटायला जायची आणि काम तिच्या मांडीवर ठेवायची. मायमा आपला तो मान मिळालेला स्वेटर घालूनच खिडकीशी बसलेली असे. तिची सुजलेली बोटे ऑस्लाच्या कामावरून फिरायची, आणि कुठेतरी थांबायची.

“उसव.”

“एकच टाका आहे मावशी. कोणाला दिसतोय?”

“मला कुठे दिसतोय? उसव.”

ऑस्ला परतीच्या बोटीवर बसून उसवत यायची. एकदा तरी मावशीची बोटे न थांबता या टोकापासून त्या टोकापर्यंत जावीत, एवढेच तिला हवे होते. मायमाच्या ब्याण्णवाव्या वाढदिवसासाठी तिने तिलाच एक स्वेटर विणायला घेतला. सारा हिवाळा त्यावर घालवला. प्रत्येक पट्टा दोनदा तपासला. मी इतका नीट हात तिचा कधी पाहिला नव्हता.

वाढदिवस रविवारी होता. त्याआधीच्या बुधवारी कापायची वेळ आली. दुपारचे स्वच्छ ऊन होते. तिने मला कमरेचा सोडून टेबलावर ठेवले, स्वेटर पसरला, पाटाऐवजी एर्चीचे घडी घातलेले जाड वर्तमानपत्र आत सरकवले आणि ती चष्मा आणायला गेली. तेवढ्यात एर्ची आला. “माझा पेपर कुठे गेला?” असे म्हणत त्याने तो स्वेटरच्या पोटातून ओढून काढला आणि निघून गेला. मी टेबलावर पडल्या पडल्या सगळे पाहिले. मला ओरडता आले असते तर!

ऑस्ला आली. तिने श्वास रोखला आणि कात्री चालवली. नक्षी सुरू होते तिथे कात्री जराशी जड चालली, तेवढेच. तिने स्वेटर उघडून पालथा केला आणि पाठीच्या मध्यावर अकरा ओळींची उभी चीर दिसली.

ती रडली नाही. खुर्चीवर बसली आणि बराच वेळ कात्री हातातच धरून राहिली. एर्ची आला, त्याने पाहिले आणि हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहिले.

“ऑस्ला, अगं मी...”

“तुझी चूक नाही. मी आत हात घालून बघायला हवं होतं. मायमा मावशीने बघितलं असतं.” मग ती माझ्याकडे वळली. “हा पट्टा उद्या तिला परत देते. नाहीतर संग्रहालयात तरी देऊ. काचेमागे शोभेल. माझ्या कमरेला नाही शोभत.”

काचेमागे! मित्रांनो, खणात निदान टॉर्च होता. पण मला माझ्यापेक्षा तिचे वाईट वाटत होते. मायमानेही हेच केले होते, अगदी हेच, हे सांगायला माझ्याकडे एकोणीस भोके होती आणि तोंड एकही नव्हते.

गुरुवारी सकाळी तिने मला पिशवीत टाकले. ती बूट चढवत असताना एर्चीने कापलेला स्वेटर आणि लोकरीचे गुंडे हळूच माझ्यावर कोंबले. त्याला बोलता आले नव्हते, म्हणून त्याने एवढे केले.

वृद्धाश्रमात मायमा खिडकीशी बसली होती. ऑस्लाने मला बाहेर काढून तिच्या मांडीवर ठेवले. “घे मावशी तुझा पट्टा. मी विणकाम सोडलं.”

मायमाचा अंगठा आपोआप तिसऱ्या भोकावर गेला. मग तिने पिशवीवर हात ठेवला. “आत काय मऊ आहे?”

ऑस्लाने पाहिले आणि पुटपुटली, “एर्ची, तुला बघते मी.” पण मायमाने स्वेटर ओढून घेतलाही होता. बोटे गळ्यापासून निघाली, खांद्यांवरून गेली, पाठीवर उतरली. कुठेच थांबली नाहीत, आणि मग चिरेत गेली.

“पाट घातला नव्हता?”

“पेपर घातला होता. एर्चीने नेला.”

मायमाचा अंगठा पुन्हा माझ्या तिसऱ्या भोकावर आला.  एवढ्या वर्षांची शिस्त, एवढ्या जणींना सांगितलेले ‘उसव’. मला वाटले, आताही ती तोच शब्द म्हणणार.

“इकडे ये पोरी, माझ्या मागे. माझ्या स्वेटरच्या पाठीवर मधोमध बोट ठेव. आता खाली आण. सापडतंय काही?”

“काय सापडायचंय?”

“हळू आण. तिथं. एक टाका बोटाला जाड लागतो.”

ऑस्लाचे बोट तीन वेळा खालीवर गेले, मग थांबले. “मावशी, हे तर सांधलेलं आहे.”

“चौदा ओळी,” मायमा म्हणाली. “तुझ्या अकराच असतील. आणि मला नवऱ्याने पेपर नव्हता नेला, मस्ती नडली. गोठ्यात तीन दिवस बसले. आईला सांगितलं नाही, तुझ्या आईला नाही, मेळाव्यातल्या त्या बाईला नाही. हे एका या पट्ट्यालाच ठाऊक.”

मित्रांनो, पंचाहत्तर वर्षांत माझे नाव कुणी असे घेतले नव्हते.

“आणि आम्हाला मात्र जन्मभर उसवायला लावलंस,” ऑस्ला म्हणाली. ती रागावली होती, आणि तो राग योग्यच होता.

“लावलं. भीती वाटायची, कुणीतरी माझंही बघेल.” मायमाने नाक पुसले. “आता बस. माझी बोटं सुई धरत नाहीत आणि डोळे रंग धरत नाहीत. हात तुझे, डोळे तुझे. वाट मी सांगते. बांध तो पट्टा.”

“सांधायला पट्टा लागत नाही मावशी.”

“बांध म्हणते ना.”

ऑस्लाने मला बांधले. शेजारचा जिवंत, म्हणजे न कापलेला, टाका धरायचा, त्याच्या वाटेने सुई न्यायची, ओढायचे नाही. प्रत्येक ओळीला मायमा विचारायची, “इथं कुठला रंग?” ऑस्ला सांगायची, “पिवळा, मग निळा.” मायमा सांधलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणायची, “सैल सोड, राग नको भरूस त्यात.” बोटीची वेळ झाली तेव्हा पाच ओळी झाल्या होत्या. शनिवारी एर्ची स्वतः ऑस्लाला घेऊन आला आणि उरलेल्या सहा ओळी होईपर्यंत कोपऱ्यात हाताची घडी घालून मुकाट बसला. त्याच्याजवळ वर्तमानपत्र नव्हते.

रविवारी केक कापण्याआधी ऑस्लाने नवा स्वेटर मायमाच्या मांडीवर ठेवला. मायमाची बोटे निघाली. गळा, खांदे, बाह्या. मग पाठ. मधोमध, सहाव्या ओळीशी बोट थांबले. तिथे एक टाका खरोखरच तिरका बसला होता. मला माहीत होते, ऑस्लालाही माहीत होते. ती कात्री घ्यायला उठलीसुद्धा.

“राहू दे,” मायमा म्हणाली. “घाल माझ्या अंगात.”

आता तो स्वेटर तिच्या अंगात असतो आणि जुना ऑस्लाकडे आला आहे. चहा घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलीला मायमा पाठ करून बसते आणि म्हणते, “बोट फिरव, सापडतंय का बघ.” सापडले नाही की खूश होते. सापडले तर सगळी गोष्ट सांगते, गोठ्यासकट.

मी ऑस्लाच्या कमरेला आहे. कोपऱ्यातले ते भोक आता मऊ पडू लागले आहे. तुमच्या घरातही एखादा खण असेल, मित्रांनो. त्यात कुणाच्या तरी हाताची हत्यारे पडून असतील. त्यांना तेल लावा आणि कामाला घ्या. काचेमागे ठेवू नका. आणि ती ज्याची होती तो माणूस अजून असेल, तर आधी त्याच्याकडे जाऊन बसा, कारण आम्ही सगळे पाहतो, पण सांगावे माणसांनाच लागते.