उरलेला डोळा

भुईमुगाच्या रानात पाच बायका भांगलत होत्या आणि यल्लव्वाच्या पातीत, तिच्या वाट्याच्या ओळीत, तणाऐवजी भुईमूगच उपटून पडला होता. एखाददुसरं झाड नव्हे, चांगली दहा-बारा हात पात. शेजारची चिमणाबाई खुरपं थांबवून बघत राहिली.

"यल्लव्वा, काय कराय लागलीयास? गवात ठेवलंयास आन् भुईमूग काढलायस की."

यल्लव्वानं हातातलं झाड नाकाशी नेलं. वास भुईमुगाचाच होता.

सून अक्षता पुढं आली. तिनं पडलेली झाडं गोळा केली. नुसतं म्हणाली, "आत्ती, तुमी घरला जावा. आबांच्याजवळ बसा."

यल्लव्वाचा उजवा डोळा पंचवीस वर्षांमागं गेला होता. उसाचा पाला काढताना पातं लागलं. पदराची फूक देऊन ती तशीच कामाला लागली आणि आठ दिवसांत बुबुळ पांढरं झालं. तेव्हापासून सगळा संसार डाव्या डोळ्यावर चालला. आता त्यातही मोतीबिंदू उतरला होता. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून दीड वर्ष झालं. ती दोनदा गेली आणि दोनदा पळून आली. दुसऱ्या वेळी तर डोळ्यात थेंब घातलेले असताना दवाखान्यातनं उठून स्टँडवर आली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत विचारत गाडीत बसली.

"पंधरा मिन्टाचं काम हाय," असं कुणी म्हटलं की ती भडकायची.

"तुमाला दोन हायत. एक बिघडला तर दुसऱ्यानं बघशीला. मला दुसरा कुटनं आनू?"

आणि घरात आबा होते. तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यावरनं वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं यल्लव्वाच करायची. अक्षता मदतीला आली की तिला बाजूला सारायची. "माझ्या मानसाला मी बघतो. तू रानातलं बघ."

त्या दुपारी घरी येऊन तिनं वाटीत दूध-भाकरी कुस्करली आणि आबांच्या तोंडाशी घास नेला. त्यांनी तोंड फिरवलं. तिनं हनुवटी धरून घास आत ढकलला. आबांच्या घशातनं घरघर आली.

"खावा की वो. दिसत न्हाय म्हनून तुमी बी राग काडताय व्हय माझ्यावर?"

चौथा घास देताना अक्षता दारात आली. "आत्ती, थांबा. थांबा म्हनतो न्हवं. मुंग्या हायत दुदात."

तिनं वाटी काढून घेतली. दूध मुंग्यांनी काळं झालं होतं. आबांच्या ओठावर, मिशांत, हनुवटीच्या घडीत मुंग्या फिरत होत्या. अक्षतानं ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड आतनं-बाहेरनं पुसलं. यल्लव्वानं चाचपडत हात पुढं केला, तर तिच्या बोटांना आबांचे गाल आसवांनी भिजलेले लागले.

ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "सूरजला फोन लाव. म्हनावं, रजा काढून ये."

तिचा मुलगा सूरज कागलच्या एमआयडीसीत कामाला होता. दोन दिवसांत तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. ऑपरेशनच्या खोलीबाहेर ती पुन्हा अडून उभी राहिली. तिनं डॉक्टरांची बाही पकडली.

"डाक्टर, ह्यो बी गेला तर?"

"आजी, बहुतेकांचं चांगलंच होतं. पण शंभर टक्के, असं मी सांगणार नाही. तुम्हाला एकच डोळा आहे, म्हणून जास्त जपून करीन. नाही केलं, तर मात्र हा हळूहळू जाणारच."

पळायला आता जागाच नव्हती.

टेबलावर तोंडावर कापड आलं आणि डोळ्यावर पांढराफटक उजेड. हलायचं नाही, असं सांगितलेलं. तिनं चादर मुठीत धरली आणि मनातल्या मनात आबांचा दिवस सुरू केला. सकाळी तोंड धुवायचं. मग चहा, चमच्यानं. मग डाव्या कुशीवर. मग कापड बदलायचं. एकदा सगळा दिवस संपला, तिनं पुन्हा पहिल्यापासून धरला.

"काय पुटपुटताय, आजी?"

"काय न्हाय. तुमी करा."

पट्टी दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवायची होती. दुसऱ्याला पट्टीचं काय वाटत नाही. यल्लव्वाला जग बंद झालं. सूरजनं हाताला धरून तिला संडासाच्या दारापर्यंत नेलं, आणलं. कॉटवर बसल्यावर ती म्हणाली, "पट्टी काढल्यावर काळंच असलं तर मला घरला नेऊ नगंस."

"मग कुटं नेऊ, आई?"

त्याचा हात तिनं सोडला नाही.

सकाळी नर्सबाईंनी पट्टी काढली, डोळा पुसला आणि समोर हात धरला. "किती बोटं, आजी?"

यल्लव्वा कितीतरी वेळ बघत राहिली. "तीन. आन् मधल्याला मेंदी लागलीया."

सूरज खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

काळा चष्मा लावून ती घरी आली आणि थेट आबांच्या कॉटशी गेली. दोन वर्षं ज्याला ती हातानं बघत होती, तो माणूस पहिल्यांदा डोळ्याला नीट दिसला. गालाची हाडं वर आलेली, गळ्याची कातडी लोंबलेली.

"एवढं वाळलासा?"

तिनं नेहमीसारखं त्यांना कुशीवर घेतलं आणि कापड सरकवलं. कमरेवर तळहाताएवढी जखम होती, कडेनं काळी, मधे ओली. दुसरी टाचेला. ती रोज ह्याच जागेवरनं फडकं फिरवत होती. वास यायचा, तो ती अंथरलेल्या वाकळेचा समजायची. ते कण्हायचे, तर ती त्यांना गप्प बसायला सांगायची.

अक्षता मागं येऊन उभी राहिली. तिलाही ते काल, यल्लव्वा नसताना कापड बदलताना, पहिल्यांदा दिसलं होतं. "तुमी हात लावू देत नव्हतासा, आत्ती," ती हळूच म्हणाली.

यल्लव्वाच्या डोळ्यात पाणी दाटलं. तिनं मान वर केली, श्वास रोखून धरला आणि ते तिथंच थांबवलं. मग कॉटच्या कडेला सरकून तिनं सुनेला शेजारी जागा करून दिली.

"सूरज, गावातल्या दवाखान्यातल्या नर्सबाईला बोलावून आन. आन् तू ह्या अंगानं धर, अक्षता. दोघी मिळून बघू, आनखी कुटं कुटं हाय."