ज्याला येतं त्यानं हा हात

कोकिळेच्या बी.एड.च्या वर्षात सगळ्यात जास्त हाल कुणाचे झाले असतील, तर ते बुलढाण्याच्या त्या शाळेतल्या आठवी ब चे. ट्रेनिंग कॉलेजातल्या शिकाऊ मास्तरांचे सराव पाठ बहुतेक याच वर्गावर होत. दिवाळीपासून ही पोरं नवनव्या मास्तरांकडून तेच ते ऐकून इतकी मुरली होती, की पाठ संपत आला की मास्तरांच्या आधी तीच म्हणायची, "आता गृहपाठ." कुणाचे पाय कापतात आणि कुणाच्या हातातला खडू मोडतो, याचीही त्यांना चांगली पारख झाली होती.

कोकिळेचा खडू मोडायचा. गणित तिला उत्तम येत होतं, लेखी पेपरांची तिला मुळीच भीती नव्हती. पण प्रश्न विचारल्यावर वर्गात हात वर आले नाहीत की तिचा जीव घाबरा व्हायचा आणि उत्तर ती स्वतःच देऊन मोकळी व्हायची. प्रत्येक सराव पाठाखाली प्राध्यापकांचा एकच शेरा असे : वर्गाचा प्रतिसाद नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि गावोगाव हायस्कुलं निघत होती. कोकिळेच्या उंद्री गावीही निघालं होतं, पण गणिताला माणूस मिळत नव्हता. संस्थेच्या मंडळींनी कोकिळेच्या वडलांना, उकंडरावांना, शब्द दिला होता : पोरगी पास झाली तर जूनपासून जागा तिची, नाही झाली तर दुसरं कुणी बघू. कोकिळा स्वतः मामाकडे चिखलीला राहून शिकली होती. उंद्रीच्या सगळ्याच पोरींना काही चिखलीत मामा नव्हता. ही गोष्ट तिच्या मनाला फार लागलेली होती, म्हणून ती जागा तिला हवी होती.

आता सगळं येऊन ठेपलं होतं परीक्षेच्या पाठावर. परीक्षक महादेवराव नागपूरहून आले होते आणि गणितवाल्यांना ते रडवतात, अशी त्यांची ख्याती होती. सकाळी शाळेच्या आवारात कोकिळेचा पांढराफटक चेहरा भगवानरावांनी पाहिला. हे बीबी गावचे. प्राथमिक शाळेत बरीच वर्षं मास्तरकी करून, पोराबाळांचे बाप झाल्यावर बी.एड.ला आलेले. माणूस दयाळू, आणि अशा दयाळू माणसांकडे युक्त्या फार असतात.

"कोकिळाबाई, पोरायले सांगून ठेवा," ते म्हणाले. "ज्याले येते त्यानं उजवा हात वर करा, ज्याले येत नाही त्यानं डावा. समदा वर्ग हात वर करते, सायेब खुश होतात. तुमी फक्त उजवे हातवाले उठवा."

हे बरोबर नाही असं कोकिळेला वाटलं. पण उंद्री आठवली, वडील आठवले, आणि वाटणं वाटण्यापुरतंच राहिलं. परीक्षक यायच्या आधी तिनं वर्गापुढे उभं राहून घाईघाईनं दोन्ही हात एकामागून एक उचलून दाखवले. ज्याला येतं त्यानं हा, ज्याला येत नाही त्यानं हा. आठवी ब ने माना डोलावल्या.

पाठ होता त्रिकोणाच्या तीन कोनांच्या बेरजेचा. महादेवराव मागच्या बाकावर तिच्या पाठाचं टाचण घेऊन बसले. कोकिळेनं प्रस्तावना केली, फळ्यावर सुबक त्रिकोण काढला, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा ओढली आणि पहिला प्रश्न विचारला. अख्ख्या वर्गाचे हात वर. तिला हायसं वाटलं. उजवा हात बघून तिनं एका पोराला उठवलं. पोरगं उभं राहिलं आणि पायाकडे बघू लागलं. तिनं दुसरा उजवा हात उठवला. तोही गप्प. इकडे डावे हातवाले उत्तर सांगायला इतके उतावीळ, की बाकावरून अर्धे उठलेले.

तिसरा उजवा हात चांगुणा नावाच्या पोरीचा होता. कोकिळेनं तिला उठवलं आणि त्याच क्षणी घोटाळा तिच्या लक्षात आला. कवायतीचे मास्तर पोरांकडे तोंड करून हात उचलतात आणि पोरं समोरून, आरशातल्यासारखा, त्याच बाजूचा हात उचलतात. पहिलीपासूनची सवय. कोकिळेनं तोंडानं उजवा-डावा म्हटलंच नव्हतं. तिचा उजवा हात म्हणजे पोरांचा डावा. ती निवडून निवडून न येणाऱ्यांनाच उठवत होती.

अजूनही सावरता आलं असतं. चांगुणेला बसवायचं आणि एखादा डावा हात उठवायचा. पण चांगुणाच बोलली.

"बाई, मले नाही येत. तुमीच म्हनलं होतं ना, येत नाही त्यानं हा हात करा. म्या तर बराबर हात केला होता."

मागच्या बाकावरचा पेन थांबला. गेली जागा, कोकिळेला वाटलं, गेली उंद्री. आणि समोर ती पोरगी, सांगितलं तसंच वागून, रडवेली होऊन उभी होती. कोकिळेला तिची फार दया आली. आता वाचवायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून तिची भीतीही गेली.

वर्गात प्रमाण भाषाच बोलायची असते, हेही ती विसरली. "तुही काहीच चूक नाही पोरी," ती म्हणाली. "चूक माही हाय. ये, पुढं ये."

तिनं टेबलावरच्या आपल्या टाचणाचा कागद उचलला आणि त्यातून एक मोठा त्रिकोण फाडून काढला. तिन्ही कोपऱ्यांवर खुणा केल्या आणि चांगुणेला म्हणाली, आता हे कोपरे फाड.

"लिहेल हाय ना त्याच्यावर," चांगुणा कचरत म्हणाली.

"असू दे. फाड."

चांगुणेनं फाडले. कोकिळेनं टेबलावर पट्टी ठेवली आणि तिच्या कडेला ती तीन टोकं एकत्र जुळवायला सांगितली. चांगुणेनं फिरवून फिरवून लावली. तिन्ही कोन मिळून पट्टीला चिकटून नीट बसले.

"सरळ रेघ झाली बाई," ती हळूच म्हणाली. सरळ रेघेचा कोन किती, हे तिला येत होतं. एकशेऐंशी. मग ती जरा थांबली. "पन समद्याच त्रिकोनाचं असं होते काय?"

एवढा चांगला प्रश्न कोकिळेच्या टाचणातही नव्हता. तिनं वर्गाला वह्यांचे कागद फाडायला लावले. लांबट, बसके, वाकडेतिकडे त्रिकोण झाले, आणि सगळे पट्टीला चिकटले. मग कुठे ती फळ्यावरच्या समांतर रेषेकडे वळली. आता ती रेषा कशासाठी, हे पोरांनीच सांगितलं. तेवढ्यात घंटा झाली. संकलन, उपयोजन, गृहपाठ, टाचणातल्या पुढच्या सगळ्याच पायऱ्या राहिल्या होत्या.

महादेवराव पुढे आले. हातांची युक्ती कुणाची, असं त्यांनी शांतपणे विचारलं. माझीच, कोकिळा म्हणाली. भगवानरावांचं नाव तिनं घेतलं नाही.

"त्या युक्तीचे गुण मी कापणार," ते म्हणाले. मग वर्गाकडे वळून त्यांनी विचारलं, चौकोनाच्या चार कोनांची बेरीज किती? हे या वर्गाला कुणीच शिकवलं नव्हतं. "उठवा बाई, कुणाला उठवता ते."

हात वर झाले. चांगुणेचा उजवा वर होता, म्हणजे येत नाही. कोकिळा तिच्याकडेच बघत होती. चांगुणेनं बाकावरच्या कागदाच्या तुकड्यांकडे पाहिलं, ओठ हलवले. उजवा हात खाली गेला आणि डावा वर आला.

"चांगुणा," कोकिळा म्हणाली.

"तीनशेसाठ. चौकोन मधातून फाडला का दोन त्रिकोन होतात."

महादेवरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि काहीतरी लिहिलं. ते काय होतं हे कोकिळेला कधीच कळलं नाही. निकालात पाठाचे गुण काठावरचे होते, पण ती पास होती. उकंडरावांनी गावभर पेढे वाटले.

जूनमध्ये उंद्रीच्या वर्गावर ती पहिल्यांदा उभी राहिली. तिनं पोरांकडे पाठ केली, म्हणजे घोटाळा नको, आणि उजवा हात वर केला.

"ज्याले येत नाही त्यानं हा हात," ती म्हणाली. "मी पयले त्याच्यापाशीच येईन."

आधी कुणीच हात केला नाही. मग पोरींच्या बाकावरून एक हात भीत भीत वर आला, आणि कोकिळा खडू ठेवून तिकडे निघाली.