भोक खालून आहे

"इथं सही कर, सेइघा. बाकी सगळं भरलेलं आहे," एसियेनसाहेब म्हणाले आणि बोटीतूनच त्यांनी कागद पुढे केला.

सेइघाने तो हातात घेतला. तो सहावीपर्यंतच शिकला होता, पण वाचायचा तर अक्षर न अक्षर वाचायचा. गळतीचं ठिकाण: ओकुबिरी खाडी. गळतीचं कारण: तेल चोरण्यासाठी अज्ञात व्यक्तींनी पाइप कापला. सगळं टाइप केलेलं होतं. म्हणजे शहरातल्या कचेरीत बसून, बोट सुटायच्याही आधी.

"साहेब, तुम्ही अजून बोटीतून उतरलासुद्धा नाहीत," तो म्हणाला. "मग कापलेलं बघितलं कुणी?"

"सेइघा, ऊन वाढतंय. सही कर."

तेवीस वर्षं सेइघा तेल कंपनीच्या लाइनीवर पहारेकरी होता. खारफुटी तोडून काढलेल्या पट्टीतून रोज पहाटे नऊ किलोमीटर चालत जायचं, पाइप बघायचा, परत यायचं आणि फोनवर सांगायचं, "सगळं ठीक आहे." अंगावर कंपनीचं नारिंगी जॅकेट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. पाइप त्याच्याच वयाचा, चोपन्न वर्षांचा. कुठे ठिगळ आहे, कुठे भोकावर लोखंडी पट्टा आवळलाय, हे त्याला स्वतःच्या अंगावरच्या व्रणांसारखं पाठ होतं.

अकरा दिवसांपूर्वी जुन्या पट्ट्याच्या अलीकडे चिखलातून बुडबुडे येताना त्याला दिसले. त्याने तिथूनच फोन केला. "नोंद घेतली," पलीकडची मुलगी म्हणाली. दुसऱ्या दिवशी फोन केला. नोंद घेतलेली होती. चौथ्या दिवशी भरतीच्या पाण्याबरोबर तेल खाडीत शिरलं आणि खारफुटीची मुळं काळी झाली. खेकडे जीव वाचवायला मुळांवर चढले आणि तिथेच चिकटून मेले. त्याच्या बायकोने, डिएप्रेने, मासे धरायचे पिंजरे वर ओढले, तर आतले मासे डांबरात बुडवून काढल्यासारखे. पिंजरे तिने तिथेच सोडून दिले. शहरात बसलेल्या माणसाने झडपेचं एक चाक फिरवलं असतं तर अर्ध्या तासात तेल बंद झालं असतं. ते चाक नवव्या दिवशी फिरलं.

गावाने राग काढला तो सेइघावर. कंपनीचा माणूस म्हणून हाताशी तोच होता. "कंपनीचा कुत्रा! भुंकायचं तेव्हा शेपूट घालून बसला," बायका धक्क्यावर म्हणायच्या, त्याला ऐकू जाईल अशा बेताने. डिएप्रे हातातली घागर आपटून त्यांच्या अंगावर गेली होती. "भुंकला तो! घसा बसेपर्यंत भुंकला! मालक बहिरा असला तर त्याने काय करायचं?"

आणि आज अकराव्या दिवशी मालकाची माणसं आली होती. गावकऱ्यांशी गोड बोलायला नेमलेले एसियेनसाहेब, त्यांच्याबरोबर फोलाके नावाची तरुण इंजिनीअर, आणि एक टाइप केलेला कागद. गावप्रमुख इकिओ यांची सही त्यावर आधीच झाली होती. ते काठावर छत्री धरून उभे होते. त्यांच्यामागे अर्धं गाव उभं होतं.

"हे बघ," एसियेनसाहेबांनी आवाज खाली आणला, "महिनाअखेरीस आम्ही निघालो. ही लाइन, विहिरी, सगळं विकलं. समुद्रापलीकडे आता विजेच्या गाड्या धावतात. मोठे साहेब म्हणतात, पेट्रोलचे दिवस संपले, आपण आता विजेच्या धंद्यात. इथे नवा मालक येतोय. त्याला कागद स्वच्छ हवेत. तुझं नाव मी त्याच्या यादीत घालतो. नोकरी राहील तुझी."

"कागद स्वच्छ हवेत," सेइघा म्हणाला. "आणि खाडी?"

"चोरांनी फोडलं त्याला कंपनी काय करणार? चोरीची गळती असली की भरपाई नाही. नियमच आहे."

सेइघाच्या डोक्यात काहीतरी तडकलं. तेवीस वर्षांत त्याने साहेबापुढे आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो किती मोठा आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"विजेच्या गाड्या! अहो, या गावात विजेचा एक खांब दाखवा मला! पन्नास वर्षं आमच्या दारावरून तेल नेलंत आणि आम्ही अजून रॉकेलच्या दिव्यात जेवतो. आता तुम्हाला पेट्रोल नकोसं झालं. आम्हाला ते कधी हवं होतं? तुम्ही पेट्रोल सोडाल हो! ते आम्हाला सोडतंय का? निघालात तर निघा. पण माणूस भाड्याची खोली सोडतानासुद्धा झाडू मारून जातो!"

"सेइघा," गावप्रमुख म्हणाले, "पाहुण्यांशी असं बोलतात?"

"प्रमुख, तुम्ही सही केलीत. भोक बघितलंत?"

प्रमुखांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

मग कागद बोटीत ठेवून सेइघा काठालगतच्या, पाइप फुटलेल्या जागच्या खड्ड्यात उतरला. पाइपाभोवतीचा चिखल तेलाने लोण्यासारखा झाला होता. तो मांडीपर्यंत आत गेला. वासाने डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही हातांनी त्याने पाइपाखालचा गाळ उपसायला सुरुवात केली. चोर पाइप कापतो तो वरून, करवतीने, आणि कापून तिथे तोटी बसवतो. पाइपाच्या पोटाखाली चिखलात तोंड खुपसून कोणता चोर करवत चालवेल? हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण कागदाला ते सांगायचं कसं?

"ए पोरी," त्याने फोलाकेला हाक मारली. "तू इंजिनीअर ना? ये खाली. तू हात लावून सांग."

फोलाकेने साहेबांकडे पाहिलं. मग ती उतरली. पांढरे बूट घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत बुडाले. सेइघाने तिचं मनगट धरलं आणि हात पाइपाखाली नेला. ती थोडा वेळ चाचपडली. हात बाहेर काढला, हातमोजा ओढून काढला आणि उघडाच हात पुन्हा खाली घातला. वर आला तेव्हा तिच्या तळव्यावर गंजाचे पापुद्रे होते.

"खालून आहे, सर," ती म्हणाली. "कापलेलं नाही. पत्रा कागदासारखा झालाय."

काठावरची गर्दी खड्ड्याच्या कडेशी सरकली.

"वर ये, फोलाके," एसियेनसाहेब म्हणाले. "तुला मोजमापं घ्यायला आणलंय. मत द्यायला नाही."

ती वर आली. पण तो तळवा तिने पुसला नाही.

सेइघाने बाहेर येऊन साहेबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. खिशावर चार काळी बोटं उमटली. कागद उचलून सहीच्या जागी त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं: भोक खालून आहे. पाइप गंजला. मी हात लावून पाहिलं. अकरा दिवसांपूर्वी कळवलं होतं. आणि त्याखाली सही केली, वडिलांच्या नावासकट.

"कागद वाया घालवलास," एसियेनसाहेब म्हणाले. त्यांचं हसू पार मावळलं होतं.

"नाही साहेब. आत्ता कुठे कामाला आला."

"जॅकेट काढ. कार्ड दे. बूटही कंपनीचेच आहेत."

सेइघाने जॅकेट काढलं, घडी घातली, वर कार्ड ठेवलं. मग एकेक बूट काढून त्याने तो बोटीत उलटा केला. आतला काळा चिखल साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटांपुढे थबथब पडला.

"हाही तुमचाच," तो म्हणाला. "घेऊन जा."

त्या कागदाचं काय झालं ते तीन महिन्यांनी कळलं. कंपनीचा गळतीचा अहवाल गावात आला, त्यात तो नव्हताच. त्याच्या जागी दुसरा, कोरा करकरीत: पाइप अज्ञात व्यक्तींनी कापला. सेइघाच्या जागी भलत्याच कुणाची सही. फोलाकेच्या जागीही दुसऱ्याच इंजिनीअरची. ते पाहून सेइघा एवढंच म्हणाला, "म्हणजे पोरीने नाही केली." नवा मालक आला, त्याने लाइनीला नवा रंग दिला आणि खाडी तशीच राहिली.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी तो अनवाणी घरी आला, तेव्हा डिएप्रे दारातच उभी होती. बातमी त्याच्याआधी पोचली होती. तिने त्याला अंगणातल्या बाकावर बसवलं. साबणाने हे तेल निघत नाही, खाडीकाठच्या प्रत्येक बाईला ते माहीत आहे. तिने चुलीजवळची पामतेलाची बाटली आणली, ओंजळीत तांबडं तेल घेतलं आणि त्याचा हात चोळायला घेतला. आधी मनगट, मग बोटं, मग एकेक नख. तांबडं तेल काळं होऊन मातीवर ठिबकत राहिलं. बाटली निम्म्याच्या खाली गेली.

"पुरे," तो म्हणाला. "स्वयंपाकाला राहू दे."

"स्वयंपाक कसला?" ती म्हणाली. "मासा कुठाय?"

तिने बाटली पुन्हा कलती केली.

"दुसरा हात द्या."